आकृतीतलं झाड आणि आवारातलं झाड

‘वनस्पतीचे भाग दाखवणारी सुबक आकृती काढून नावे द्या.’ मराठी शाळेतून गेलेल्या कुणालाही ही आकृती डोळे मिटून काढता येते. खाली मुळांच्या पाच-सहा रेघा, वर सरळसोट खोड, दोन्ही बाजूंना पानं, शेंड्याला पाच पाकळ्यांचं फूल आणि मधेच कुठेतरी एकटं लोंबणारं फळ. हे झाड नेमकं कशाचं, हे कुणी विचारत नाही.

मुलुंडला राहणाऱ्या एका निवृत्त विज्ञानशिक्षिकेने ही आकृती फळ्यावर जन्मभर काढली. त्यांचा एक जुना विद्यार्थी बोरिवलीला असतो आणि सुट्टीच्या दिवशी शाळकरी मुलांना राष्ट्रीय उद्यानात, आरेत, गोराईच्या खाडीवर हिंडवतो. पाचवी-सहावीच्या मुलांना वनस्पती शिकवायच्या तर आधी पुस्तक की आधी झाड, यावर या दोघांचं कधीच पटलेलं नाही. जुलैतल्या एका रविवारी तो बाईंकडे आला, हातात बोरिवली स्टेशनाबाहेरून घेतलेल्या भाज्यांची पिशवी. मी तिथे निव्वळ श्रोता होतो. जे ऐकलं ते जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत देतो; चहा आणि नातेवाइकांची चौकशी तेवढी गाळली आहे.

‘बाई, ती आकृती आता पुसून टाका,’ त्याने आल्या आल्या तोफ डागली. ‘मुलं तेच झाड शोधत येतात. वडाखाली उभं केलं की विचारतात, सर, ह्याचं मूळ वरून कसं आलं?’

‘विचारतात ना? आकृती काढलेली नसती तर विचारलं असतं का? मूळ खाली असतं हे डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून पारंबी बघून ती अडली. ज्याच्या डोक्यात काहीच नाही तो पारंबीला लोंबकळून झोका घेतो आणि घरी जातो.’

‘घेऊ दे की झोका. तीही ओळखच.’

‘झोक्याची. पारंबीची नव्हे.’

पहिली चकमक प्रकारांवरून झाली. बाईंचं म्हणणं साधं. मुलाला वृक्ष, झुडूप, रोपटं आणि वेल ही चार खाती आली पाहिजेत. एकच जाड, टणक खोड आणि फांद्या जमिनीपासून बऱ्याच वर, तो वृक्ष: आंबा, वड, रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष. बुंध्यापासूनच फांद्यांचा पसारा, खोड टणक पण बारीक, ते झुडूप: जास्वंद, कण्हेर. खोड हिरवं, मऊ, नखाने दबणारं, ते रोपटं: मेथी, तेरडा. जिला स्वतःच्या खोडावर उभं राहता येत नाही ती वेल: कारली, जाई, आणि त्याच्या पिशवीतली कंटोली.

‘केळ कुठल्या खात्यात?’ त्याने विचारलं.

‘रोपटं.’

‘बाई, ती दोन पुरुष उंच असते! एकही मूल तिला रोपटं म्हणायला तयार होत नाही.’

‘होणार नाहीच. त्यांनी केळ कापलेली पाहिलेली नाही. आमच्या आवारात मागच्या बाजूला चार केळी आहेत. घड उतरवला की माळी तो खांब आडवा तोडतो. तेव्हा मुलांना बोलाव. आत लाकूड नाही, वलयं नाहीत. एकात एक गुंडाळलेली पांढरी आवरणं, बोटाने सुटी होतात, आणि प्रत्येकात हवेचे बारीक बारीक खण. त्यातलं प्रत्येक आवरण म्हणजे एकेका पानाचा खालचा भाग. ज्याला आपण बुंधा म्हणतो तो नुसता पानांचा गुंडाळा, आभासी खोड. खरं खोड जमिनीत, कंद. वेळ झाली की तो कंद या पानांच्या नळीतून एक दांडा वर पाठवतो आणि त्याच्या टोकाला केळफूल लागतं. घड पिकला की त्या खांबाचं काम संपलं, मग शेजारचा मुनवा वाढतो. आता सांग, लाकूड कुठे आहे? वृक्ष कशाला म्हणू?’

‘हे मला पटतं. पण मुलाला हे कापल्यावर कळलं, व्याख्येवरून नाही.’

‘कापल्यावर काय बघायचं, ते व्याख्येने सांगितलं.’

त्याने विषय बदलला नाही, नुसती उदाहरणं वाढवली. गोराई-मनोरीकडचे ताड: फांदी एक नाही, तोडला तर आत वलयांऐवजी धागेच धागे. आंब्याचा बुंधा वर्षागणिक जाड होतो; माड मात्र एकदा जेवढा रुंद झाला जवळजवळ तेवढाच राहून उंच जातो. दोघांनाही वृक्ष म्हणायचं? बांबू तर गवताच्या कुळातला. आणि मग त्याने हुकमाचं पान टाकलं.

‘कारवी. झुडूप, बरोबर? झुडूप म्हणजे बरीच वर्षं जगणारं, मोसम आला की फुलणारं. कान्हेरीच्या वाटेवर ही कारवी सात वर्षं नुसती वाढते. आठव्या वर्षी अख्खा उतार एकदम जांभळा होतो, बी धरतं आणि सगळी झाडं मरतात. राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. पहिल्या वेळी सहावीत असलेली माझी मुलं दुसऱ्या वेळी कॉलेजातून आली. पाड्यांवर तिच्या काठ्यांच्या भिंती करतात, वरून शेणमातीचं लिंपण. काठी इतकी टणक की घर उभं राहतं, आणि आयुष्य भातासारखं, एकदा फुललं की संपलं. हिला कुठल्या खात्यात टाकू?’

मला वाटलं आता बाई अडतील. त्या उलट खुलल्या.

‘खात्यांना गळती आहे हे मला मान्य. ज्याने ही खाती पाडली त्यालाही मान्य होतं. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस. तेवीसशे वर्षांपूर्वी त्याने वृक्ष, झुडूप, उपझुडूप, रोपटं असे चार भाग केले आणि तिथेच बजावून ठेवलं की हे ढोबळ मानाने घ्या, काही झाडं एका भागातून दुसऱ्यात सरकतात. आपल्याकडे चरकसंहितेत वेगळीच मांडणी आहे. फुलाशिवाय फळ धरणारे ते वनस्पती, फूल येऊन मग फळ धरणारे ते वानस्पत्य, फळ पिकलं की मरतात त्या औषधी आणि पसरतात त्या वीरुध. म्हणजे तुझी कारवी, भात, बांबू हे चरकाच्या हिशेबाने एकाच पंगतीला! केळीचा खांबही तिथेच. उंचीचा आणि लाकडाचा तिथे संबंधच नाही.’

‘मग आपण मुलांना चरकाचं का शिकवत नाही?’

‘कारण सहावीतला मुलगा रस्त्यावर उभा राहून बघतो. झाड कधी मरतं हे बघायला त्याला आठ वर्षं थांबावं लागेल. उंची, खोड, फांद्या त्याला आत्ता दिसतात. प्रकार माणसाने आपल्या सोयीसाठी पाडलेत, त्यांच्यासाठी मी भांडणार नाही. पण भागांचं तसं नाही.’

इथे वादाची गाडी रूळ बदलते आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. तो अजून चरकाच्या वनस्पतींतच होता.

‘फुलाशिवाय फळ, म्हणजे वड आणि उंबर. आरेत मी मुलांना उंबराखाली नेतो. बुंध्यालाच घोस लागलेले असतात. मी म्हणतो, उंबराचं फूल शोधा. वर बघून बघून माना दुखतात. मग एक हिरवट, अर्धं तयार उंबर ब्लेडने उभं चिरतो आणि भिंग देतो. आतल्या भिंतीवर दाटीने बारीक बारीक दाणे, प्रत्येकाला इवलासा देठ. तीच फुलं, शेकड्याने. टोकाला खवल्यांनी बंद केलेलं एक बारीक तोंड असतं, त्यातून चिलटाहून लहान वरटी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती आत परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पिकलेलं उंबर फोडलं की किडे निघतात म्हणून आपण फेकतो. त्या वरट्यांवाचून त्या झाडाला बीच धरलं नसतं. हे सगळं बघून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, सर, आमच्या पुस्तकातल्या फुलाला पाकळ्या असतात.’

‘मग तू काय सांगितलंस?’

‘पुस्तक विसर म्हणालो.’

‘चुकलास,’ बाई म्हणाल्या. ‘इथेच पुस्तक उघडायचं. पाकळ्या म्हणजे फूल नव्हे. जिथे पुंकेसर किंवा स्त्रीकेसर आहे, जिथून बी होणार, ते फूल. पाकळी आमंत्रणाचं काम करते, आणि ते काम दुसऱ्या कुणी केलं तरी चालतं. खाली गेटावर बोगनवेल आहे ना? तिचं गुलाबी जे दिसतं ते पानंच, रंगलेली. तीन-तीन एकत्र. प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटून एक बारीक पांढरट नळी असते, ते फूल. ती गुलाबी ‘पाकळी’ उन्हाकडे धर, पानासारख्या शिरा दिसतील. केळफूल साफ करतोस कधी?’

‘आई करायची. हाताला तेल लावून.’

‘प्रत्येक फुलातून एक कडक दांडा आणि एक पारदर्शक पापुद्रा काढून टाकायचा, नाहीतर भाजी शिजत नाही. तो न शिजणारा दांडा म्हणजे स्त्रीकेसराचा वरचा भाग, आणि पापुद्रा म्हणजे पाकळी. आपल्या आयांनी फुलाचं विच्छेदन जन्मभर केलं. फक्त नावं कुणी सांगितली नाहीत.’

आता पिशवी टेबलावर ओतली गेली. बटाटे, रताळी, कांदे, अळूची जुडी, लाल माठ, शेवग्याच्या शेंगा, टाकळा, कंटोली. बाईंनी बटाटा उचलला.

‘हे काय?’

‘खोड. हे शिकवलंत तुम्ही.’

‘का?’

‘जमिनीत असलं तरी… डोळे असतात म्हणून. डोळ्यातून कोंब येतो.’

‘कोंब रताळ्यालाही येतो. मग रताळं खोड?’

तो गप्प झाला. बाईंनी बटाटा खिडकीपाशी उजेडात धरला. ‘नीट बघ. प्रत्येक डोळ्याच्या एका बाजूला कमानीसारखी रेघ आहे, भुवईसारखी. ती एका चिमुकल्या पानाची खूण, पान गळून गेलं. आणि डोळा म्हणजे त्या पानाच्या बगलेतला मुकुल. एकावरून दुसऱ्या डोळ्यावर बोट फिरवत जा, ते गोल फिरत टोकाकडे जातात, आणि टोकाशी दाटी होते. कुठल्याही फांदीवर पानं याच शिस्तीत लागतात. म्हणून बटाटा म्हणजे फुगलेली फांदी. आता रताळं घे. कोंब आहेत, पण कुठेही, कसेही. भुवई नाही, ओळ नाही. रताळं मूळच.’

मला यातलं डोळ्यांचं माहीत होतं, भुवयांचं नव्हतं. घरी येऊन तपासलं, आहेत. काही बटाट्यांवर पुसट असतात, पण नव्या बटाट्यावर स्पष्ट दिसतात.

‘खोडावर पेर असतं, पेराला पान लागतं, पानाच्या बगलेत मुकुल असतो,’ बाई पुढे म्हणाल्या. ‘दोन पेरांमध्ये कांडं. उसात, बांबूत हे आंधळ्यालाही कळेल. आल्याच्या गड्ड्यावरच्या आडव्या रेघा बघ, तीच पेरं. मुळाला पेर नाही, पान नाही. एवढ्या एका कसोटीवर निम्मा बाजार सुटतो. मुळा, गाजर, बीट मुळं. हळद, आलं खोड. कांद्याचं खोड म्हणजे तळाची ती चपटी चकती, बाकी सगळी पानं. कोबी म्हणजे एक मोठा मुकुल. शेवग्याची शेंग, कंटोलं, भेंडी ही फळं, भाजीवाला काहीही म्हणो.’

‘आणि देठ? अळूच्या फदफद्यात देठ, माठाच्या देठीची भाजीही देठाची.’

‘लाव कसोटी.’

त्याने अळूचा एक देठ घेतला. वरपासून खालपर्यंत गुळगुळीत, पेर नाही, मुकुल नाही. वर एक भलं मोठं पान आणि खाली पसरट, आवरणासारखा तळ. मग माठाची काडी घेतली. बोट फिरवलं तर जागोजागी अडत होतं. प्रत्येक अडल्या जागी पानाची खूण, आणि खुणेच्या बगलेत बारीक हिरवा कोंब.

‘अळूचा देठ हा पानाचा देठ. माठाचा देठ हे खोड,’ तो हळूच म्हणाला.

‘आणि अळकुडी?’

‘खोड. तिच्यावर गोल रेघा असतात.’

‘झालं. आता गुलमोहराचं एक पान केवढं?’

यावर तो हसला, कारण हा प्रश्न तो स्वतः मुलांना विचारतो. मुलं नखाएवढं पान तोडून दाखवतात. पण त्या नखाएवढ्या पानाच्या बगलेत मुकुल नसतो, त्याच्या उपदेठाच्या बगलेतही नसतो. मुकुल सापडतो तो पार तळाशी, जिथे ती हातभर लांब पिसासारखी काडी फांदीला चिकटते. ते अख्खं पीस हे एक पान, आणि नखाएवढ्या त्या पर्णिका. शेवग्याचं तेच, टाकळ्याचंही तेच, फक्त त्याच्या पर्णिका सहाच.

इथवर ऐकून मला वाटलं, वाद संपला. पण त्याच्याकडे अजून खाडी शिल्लक होती.

‘बाई, कसोटी मान्य. पण वर्गात ही कसोटी कुणी सांगत नाही. सांगतात ते एवढंच: जमिनीखाली वाढतं ते मूळ, जमिनीवर वाढतं ते खोड. हे पाठ करून आलेलं मूल मी ओहोटीच्या वेळी गोराईला नेतो. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आलेली असतात, शेकडो, सरळ आकाशाकडे. मुलं म्हणतात नवी रोपं उगवली. मी म्हणतो उपटून बघा. खाली आडवं मूळ लागतं, आणि त्यालाच ओळीने ही उभी मुळं. खाडीच्या गाळात हवा जवळजवळ नसतेच, आणि मूळही जिवंत आहे, त्याला प्राणवायू लागतो. म्हणून ते वर येतं. सालीवर बारीक छिद्रं असतात, ओहोटीच्या वेळात तेवढ्यातून श्वास घेऊन ठेवायचा. शेजारी कांदळ असेल तर त्याची मुळं खोडातून कमानी टाकत उतरलेली. आणि त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर हिरवा दांडा लोंबतो, मुलं त्याला शेंग म्हणतात. तिवराचं पान चाटायला सांगतो. खारट लागतं, कारण शोषलेलं मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं. मूळ, खोड, पान, फळ, तुमच्या आकृतीतल्या एकाही शब्दाने तिथे नीट काम केलं नाही.’

‘शब्दांनी केलं. वाक्याने केलं नाही,’ बाई ठामपणे म्हणाल्या. ‘जमिनीखाली वाढतं ते मूळ, हे वाक्यच चुकीचं आहे, मी कधी उतरवून दिलं नाही. वर आलेल्या त्या पेन्सिलीला पेर आहे का? पान आहे का? नाही. मग ते मूळच, आकाशाकडे गेलं तरी. मूळ टोकाला टोपी घालून वाढतं. केवड्याची आधारमुळं जमिनीला टेकण्याआधी बघ, ती टोपी नुसत्या डोळ्यांनी दिसते. तुझा कांदळ, तुझा तिवर माझ्या आकृतीतलेच आहेत. फक्त कागद उलटा-आडवा धरावा लागतो.’

‘२०२० मध्ये राज्याने पांढरी चिप्पी राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली. आंबा राज्यवृक्ष, ताम्हण राज्यपुष्प, हे मुलांना पाठ असतं. चिप्पी किती जणांनी बघितली असेल? मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला खाडी आहे, विक्रोळीला आहे, अंधेरीत लोखंडवालाच्या मागे आहे. तिकिटाच्या अंतरावर.’

‘ते खरं.’

‘आणि श्वासाचा धडा नुसता खाडीपुरता नाही. पावसाळ्यात आपल्याकडे झाडं पडतात तेव्हा सगळे वाऱ्याला दोष देतात. बुंध्याला घासून पेव्हर ब्लॉक बसवलेले, वर काँक्रीट, केबलसाठी खणताना एका बाजूची मुळं कापलेली. पर्जन्यवृक्षाला तिवरासारखी मुळं वर काढून श्वास घेता येत नाही. मी मुलांना पडलेल्या झाडापाशी नेतो आणि तुटक्या मुळांकडे बघायला लावतो. सोटमूळ, तंतुमूळ ही नावं तिथे विचारतो. तिथे ती त्यांना लागतात.’

बाई काही बोलल्या नाहीत. चहाचे कप उचलून त्या म्हणाल्या, ‘खाली चला.’

पावसाने उसंत घेतली होती. सोसायटीच्या आवारात त्यांनी आम्हाला काय दाखवलं ते सांगण्यासारखं आहे, कारण अशा आवारांत एरवी लोक फक्त गाड्यांची जागा बघतात. टाकीच्या गळतीखाली हिरवा, बुळबुळीत थर: शैवाल, मूळ नाही, खोड नाही, पान नाही, सगळं अंग एकच. कंपाउंडच्या भिंतीवर मखमली हिरवळ. तिलाही लोक शेवाळंच म्हणतात, पण भिंगातून बघितली तर इवल्या खोडाला इवली पानं आणि टोकाला केसाएवढ्या दांड्यावर एकेक बोंडी. हे मॉस, खरी मुळं त्याला नसतात, मूलाभ असतात, म्हणून ते ओल संपली की वाळतं. सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात नेचा. बाईंनी त्याचं पान उलटं केलं: मागे तपकिरी ठिपक्यांच्या ओळी. ‘कीड नाही ती,’ त्या म्हणाल्या, ‘बीजाणू. ह्याला फूल नाही, बी नाही, पण मूळ-खोड-पान पक्कं आहे.’ गेटापाशी कुंडीत सायकस, ज्याचं बी फळात झाकलेलं नसतं, उघडं असतं. आणि बाकी सगळं, जास्वंदीपासून तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर उगवलेल्या पिंपळापर्यंत, फुलणारं आणि बी फळात लपवणारं. वनस्पतींचे मोठे गट आणि करोडो वर्षांचा क्रम, पार्किंगच्या दोन रांगांत.

‘माझ्या फेरीत हे कधी दाखवलं नाही,’ तो म्हणाला. ‘आम्ही थेट जंगलात जातो.’

‘पस्तीस मिनिटांचा तास असतो, वर्गात साठ मुलं. जंगल माझ्या तासात बसत नव्हतं. भिंत बसायची.’

पुढे त्यांचं पुन्हा जुंपलं ते पिंपळावरून. त्याचं म्हणणं, मुलांना आधी विचारावं की तिसऱ्या मजल्यावर हा आला कसा, मग पक्ष्यांचं, फळाचं, मुळाचं आपोआप निघतं. बाईंचं म्हणणं, आपोआप काही निघत नाही, काढावं लागतं, आणि काढायला शब्द लागतात. माझा कल बाईंकडे आहे, पण बाईंच्या बाजूचे सगळे पुरावे त्याच्या पिशवीतून आणि त्याच्या खाडीतून आले होते, हेही मी बघितलं होतं. शिवाय त्याने एक हत्यार राखून ठेवलेलं होतं. ऑस्ट्रेलियन बाभळीचं एक कोवळं रोप, डब्यात मुळासकट.

‘हे बघा. मोठ्या झाडाला कोयत्यासारखी लांब, साधी पानं असतात. पण रोपाची पहिली पानं लाजाळूसारखी, पर्णिकांची. मग मधली पानं: देठ रुंद व्हायला लागलाय आणि टोकाला पर्णिका शिल्लक. आणि वरची: पर्णिका गेल्या, नुसता रुंद देठ. म्हणजे मोठ्या झाडावर पान म्हणून जे दिसतं तो देठ आहे. हे मला कुठल्या व्याख्येने सांगितलं नाही. रोप वाढताना बघितलं.’

बाईंनी डबा हातात घेतला, चष्मा वर केला आणि बराच वेळ खालून वर, वरून खाली बघत राहिल्या. प्रत्येक बगलेत नखाने मुकुल शोधला. सापडला.

‘हे मी पुस्तकात वाचलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘आकृती होती त्यात. आकृतीत हे मधलं पान नव्हतं.’

‘मग परीक्षेत काय विचारायचं, बाई?’

‘मी पेपर काढला तर एकच प्रश्न. घरातून कुठलीही एक भाजी आणा. ती मूळ, खोड, पान, फूल की फळ ते लिहा, आणि तसं का म्हणता ते त्या भाजीवरच बोट ठेवून दाखवा.’

‘आणि कुणी अळंबी आणली तर? आता दिवसच आहेत.’

‘ती वनस्पतीच नाही हे जो सिद्ध करेल त्याला पैकीच्या पैकी.’

‘सिद्ध कसं करायचं? हिरवी नाही, एवढं पुरे?’

‘मुळीच नाही. अमरवेलही हिरवी नसते. पण तिला फूल येतं, बी धरतं, ती वनस्पतीच. अळंबीची पेरं शोध, पान शोध, फूल शोध. छत्रीखालचे पडदे कागदावर रात्रभर पालथे ठेव आणि सकाळी काय सांडलं ते बघ. आणि रानातली असेल तर मुलांना नंतर हात धुवायला लाव, तोंडात घालू देऊ नकोस.’